गुरुवारचा उपास

भाग्यश्रीनं अंगठ्यानं सावळीरामची खालची पापणी ओढली आणि हनुवटी धरून त्याचं तोंड उन्हाकडं वळवलं.

“वर बघा बाबा.”

“वर काय बघायचं? वरचाच माझ्याकडं बघंना झालाय.”

“पत्र्याकडं बघा हो.”

सावळीरामनं ओट्यावरच्या पत्र्याकडं पाहिलं. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा म्हणावा असा राहिला नव्हता. मागच्या खेपेला पिवळेपणा नुसता कडेला होता, जुन्या कागदाला असतो तसा. आज तो बुबुळापर्यंत येऊन पोचला होता. भाग्यश्रीनं पापणी सोडली. काही बोलायच्या आधी तिनं हातमोजे काढून नवे चढवले. एवढ्यात त्याची काही गरज नव्हती.

“लग्नसराई हाय पोरी,” तोच म्हणाला. “मखमलाबादात रोज कोणाला ना कोणाला हळद लागती. उडतो एखादा शिंतोडा म्हाताऱ्यावर.”

“नवरदेव व्हायची हौस काय फिटंना,” सखुबाई म्हणाली. ती खाली झेंडूच्या ढिगाशी बसली होती. मान वर नाही, सुई थांबलेली नाही.

सावळीराम हसला. हसताना त्याच्या गळ्याची हाडं दिसली.

दिवाळीच्या तोंडावर हाच माणूस फुलांची क्रेट खांद्यावर घेऊन गणेशवाडीच्या फूलबाजारात उभा होता आणि गिऱ्हाइकाला सांगत होता, की आमच्या मळ्यातला झेंडू रात्री एवढा उजेड पाडतो की कोंबड्यांची झोपमोड होते. त्याच रात्री त्याचं पोट धरलं. आतड्याला रक्त पोचवणारी वाहिनी गुठळीनं बंद झाली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी पोट उघडेपर्यंत आतडं काळं पडलं होतं. काळं तेवढं काढून टाकावं लागलं, आणि उरलं त्यात खाल्लेलं अन्न अंगी लागायला जागाच नव्हती. मग संक्रांतीला तो घरी आला तो छातीवर कातडीखालून घातलेली एक बारीक नळी घेऊन. त्या नळीला रोज तिन्हीसांजेला एक मोठी पिशवी जोडायची. साखर, प्रथिनं, तेल, मीठ, माणसाला लागतं ते सगळं तिच्यात, दुधासारखं पांढरं. ते थेंबाथेंबानं सरळ रक्तात जायचं. सावळीराम तिला थाळी म्हणायचा. थाळी लागली की तिच्या स्टँडला हात लावून कपाळाला लावायचा.

जोडायचं काम सखुबाईचं. भाग्यश्रीनं तिला शिकवलं होतं. दिवा लावून झाला की ती साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, तोंडाला फडकं बांधायची, आणि नळीचं तोंड पुसताना श्वास रोखून धरायची. पूजेतसुद्धा ती एवढी सोवळ्यात नसे. इतक्या महिन्यांत नळीला एकदाही जंतू लागला नव्हता. पंपावर आकडा लावायचा, की पिशवी रात्रभर चालायची आणि सकाळी उतरायची. मग संध्याकाळपर्यंत नळीला टोपण.

ते टोपणाचे तास यकृतासाठी होते. तोंडानं खाल्लेलं अन्न पोटातून, आतड्यातून, सगळ्यांच्या हातून फिरत यकृताकडं येतं. हे मात्र थेट येऊन त्याच्या दारात ओतलं जात होतं. रात्रंदिवस ओतत राहिलं तर यकृत दमतं, पित्त आतल्या आत साकळतं, आणि डोळ्यात उतरतं. म्हणून दर गुरुवारी भाग्यश्री दवाखान्यातून स्कूटरवरून यायची, डोळे बघायची, वजन करायची आणि रक्त न्यायची. दिशा डॉक्टरांनी हे सगळं सावळीरामला आकृती काढून समजावलं होतं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं होतं, “म्हणजे खाटकाकडं मिळतं ते काळीज ना? मग जपायला पायजे. म्हाग असतं ते.”

भाग्यश्रीनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला. शीर सापडेना. हात काटकीसारखा झालेला, त्यावर जुन्या सुयांच्या खुणा.

“होळीच्या टायमाला आमच्या झेंडूत देवी प्रकटली,” सावळीराम म्हणाला. “सांगितलं का तुला?”

“नाही बाबा. मूठ आवळा.”

त्यानं मूठ आवळली आणि सांगायला लागला. भर दुपार होती. ऊन असं, की कावळे बिनचपलेचे उतरायला तयार नव्हते. हा ओट्यावर बसलेला, नळीला टोपण लावून. बघतो तर तिसऱ्या वाफ्यात काहीतरी लाल दिसलं. काठी घेऊन निघाला. ऑपरेशनपासून एवढं लांब तो चालला नव्हता, पण देवीनं बोलावल्यावर पाय काय, खुंटेसुद्धा चालतात. जाऊन बघतो तर साक्षात देवी. वणीची उभी असते, ही आडवी होती. डोळे मिटलेले, टोपली उशाला, केसांत झेंडू अडकलेला. यानं हात जोडून विचारलं, माते, काय हुकूम? देवीनं डोळे उघडले आणि म्हणाली, पाणी.

“देवीनं पाणी मागितलं?” भाग्यश्रीनं हसत सुई काढून कापूस दाबला.

“मंग काय चहा मागणार? दिलं. टोपीतनं आणून पाजलं.”

“आणि वर नाही का मागितला?”

“मागितला ना.”

“काय?”

“ते सांगितलं की फळत नाय,” सावळीराम म्हणाला आणि कोपर दुमडून बसला.

खाली सखुबाईनं दातानं दोरा तोडला. आज ती हसली नाही, पण त्याच्या थापांना ती तोंडावर कधी फारशी हसायची नाही.

रक्ताच्या नळ्या डब्यात ठेवून होईतो सखुबाईनं पोहे आणि चहा आणला. पोहे एकीपुरतेच. भाग्यश्रीनं नेहमीप्रमाणं म्हटलं, मावशी तुम्ही पण घ्या, आणि सखुबाईनं नेहमीप्रमाणं सांगितलं, माझं नंतर. भाग्यश्रीनं आग्रह केला नाही. तिच्या चांदवडच्या आईचाही गुरुवार असायचा. आई तर पाणीसुद्धा सूर्य कलल्यावर प्यायची. या बाईनं उन्हात फुलं तोडून वर हा उपास धरावा याचं तिला दर आठवड्याला नवल वाटायचं आणि दर आठवड्याला पोहे चांगले झालेले असायचे.

दुसऱ्या दिवशी दिशा डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावून घेतलं. समोरच्या पडद्यावर सावळीरामचे आकडे होते. डॉक्टर वयानं भाग्यश्रीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण गेल्या दोन महिन्यांत या एका म्हाताऱ्यानं त्यांच्या कपाळाला आठी पाडली होती. त्यांनी पिशवीतलं तेल बदलून माशाच्या तेलाचं मिश्रण मागवलं होतं. साखर उतरवली होती. काविळीचे विषाणू नाहीत, रक्तात जंतू नाहीत, हे दोनदा तपासलं होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात गाळ दिसत होता, वाट कुठं अडलेली नव्हती. आणि तरी होळीनंतर आकडा चढायला लागला तो चढतोच आहे.

“बारा तास बंद असते ना नक्की?” त्यांनी विचारलं.

भाग्यश्रीनं सांगितलं, की दर गुरुवारी सकाळी मी जाते तेव्हा पिशवी उतरलेली असते, टोपण लावलेलं असतं. मावशींच्या हाताबद्दल शंकाच नको.

डॉक्टरांनाही शंका नव्हती. पुढचं त्यांनी खिडकीकडं बघत सांगितलं. आकडा असाच चढत गेला तर पिशवी कमी करावी लागेल, आणि कमी केली तर आहे ते मांसही झडेल. कमी नाही केली तर यकृत जाईल. यातलं काहीही झालं तरी बाबांना दिवाळी दिसणार नाही.

“तोंडानं अजून काही घेत नाहीत?”

“थेंबभर चहा. बाकी नाही.”

हे दोघींनाही माहीत होतं. डॉक्टर संक्रांतीपासून त्याला सांगत होत्या, की रोज दोन-तीन घास खा. टिकले नाहीत, लगेच वाहून गेले तरी चालेल. तोंडातून घास खाली उतरला की पित्त हलतं, आणि ते हललं तर यकृताला वाट मिळते. सावळीरामनं सुरुवातीला ऐकलंही. मग माघात पुतण्याच्या पोरीचं लग्न आलं. हौसेनं तो पंगतीला बसला, सगळ्यांबरोबर जेवला, शेजाऱ्याला एक गोष्टही रंगवून सांगायला घेतली. बुंदी वाढणारा त्याच्यापाशी यायच्या आत त्याचं धोतर भरलं. पंगत अर्धी असताना त्याला दोघांनी धरून उठवलं. गोष्ट अर्धीच राहिली. त्या दिवसापासून त्यानं अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. विचारलं तर सांगायचा, मी झोपेत जेवतो, सकाळी ढेकर येते.

प्रयोगशाळेनं कळवलं, की गुरुवारच्या नमुन्यातली एक नळी खराब झाली, तेवढी परत हवी. शनिवारी भाग्यश्रीचं मुंगसऱ्याला एक ड्रेसिंग होतं. येताना दुपारी मखमलाबादला वळते, असं तिनं सांगितलं. घरी फोन केला नाही. म्हातारी माणसं, ती कुठं जाणार.

मळ्यात पोचली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. मुलगा, समाधान, फुलं घेऊन बाजारात गेलेला, त्याची गाडी नव्हती. तिनं स्कूटर कडुलिंबाखाली लावली. आतून सावळीरामचा आवाज येत होता, गुरुवारी असतो त्यापेक्षा मोकळा. विंचूरच्या बाजारात एकदा एवढा कांदा आला, असं तो सांगत होता, की त्याला एकट्यालाच ट्रॅक्टर लागला, आणि तो कापायच्या आधीच सगळा बाजार रडायला लागला. आडते रडले, हमाल रडले. लिलाव कोण बोलणार? शेवटी एक आंधळा आला...

त्यावर कोणीतरी हसलं, तोंडात घास असताना माणूस हसतं तसं.

भाग्यश्री उंबऱ्यात थांबली. सखुबाई कॉटसमोर मांडी घालून बसली होती. पुढ्यात ताट, ताटात बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. पदर तोंडाला लावून ती हसत होती. भाग्यश्रीनं तिला जेवताना कधी पाहिलं नव्हतं, हे भाग्यश्रीच्या तेव्हा लक्षात आलं. कॉटवर सावळीराम उशीला टेकून बसलेला, आणि त्याच्या डोक्याशी स्टँडला पांढरी पिशवी. अजून तिसरा हिस्सा उरलेली. पंपाचा हिरवा दिवा लागलेला होता.

“ये गं बाई, ये,” सखुबाई म्हणाली. “बरी जेवायच्या टायमाला आली. बस.”

भाग्यश्रीनं चपला काढल्या. आत आली, पण बसली नाही. रात्री पंपावर शंभराचा आकडा असायचा. आता पन्नास होता.

“मावशी, पिशवी अजून चालू?”

“मंग? दिवा लावंपोत चालती की. मंग दुसरी लावायची.” सखुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. “तुमच्या डॉक्टरीणबाईंनीच ह्यांना सांगितलं ना, होळीनंतर गेले होते तेव्हा. एकदम नको, दिवसभर सावकाश सोडा. बुधवारी तेवढी घाईनं सोडायची, गुरुवारी तू रक्त काढती म्हणून.”

होळीनंतर दवाखान्यात सावळीराम गेला होता. समाधान गाडी लावायला थांबला होता आणि सखुबाई फुलांसाठी घरी होती. खोलीत डॉक्टर, भाग्यश्री आणि तो, तिघंच होते. डॉक्टरांनी तेव्हा काय सांगितलं ते भाग्यश्रीला चांगलं आठवत होतं. हे त्यात नव्हतं. तिनं सावळीरामकडं पाहिलं. तो पांघरुणाच्या काठाला घडी घालत होता. घडी घातली, बोटानं दाबली, उलगडली, परत घातली. विंचूरचा आंधळा लिलावात अडकून पडला होता.

सखुबाईच्या तोंडात मात्र जेवणानं बोलणं आलं होतं. बरं झालं बाई बदललं ते, ती सांगू लागली. आधी दिवसभर हे टोपण लावून उपाशी बसायचे, आणि घरातला माणूस उपाशी असताना मी कशी भाकरी मोडू? लग्न होऊन आले त्या दिवशी सासूनं सांगितलं, ह्याचं ताट झाल्याबिगर तुझं नाय. ताट त्यांचंच, ते उठले की त्यातच मी बसायचे. दवाखान्यातनं आले तर ताटच गेलं. मग रात्री पिशवी लागली की दोन घास खायचे, दिवसभर चहावर. एकदा उन्हात फुलं तोडताना डोळ्यापुढं अंधार आला आणि पडले वाफ्यातच. ह्यांनीच येऊन पाणी पाजलं, काठी टेकत, एवढ्या लांब.

“आता हे बी जेवत असतात, मी बी जेवते,” सखुबाई म्हणाली. “गुरुवारचं सोड. गुरुवारी हे उपाशी, तर मी बी. एक दिवसाचं काय एवढं.”

भाग्यश्रीनं हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला. दर गुरुवारचे पोहे तिला आठवले. दातानं तोडलेला दोरा आठवला. डॉक्टरांच्या पडद्यावर होळीपासून चढत गेलेला आकडा आठवला, आणि टोपीतनं पाणी पिणारी देवी.

वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. सरळ, छोटं वाक्य होतं, आणि ते बोलणं तिचं कामच होतं. तिनं तोंड उघडलं तेव्हा सावळीरामनं पांघरुणावर दोन्ही हात जोडले. माशी हाकलावी एवढाच वेळ. मग परत घडी घालायला लागला.

“मावशी,” भाग्यश्री म्हणाली, “ते सांगायलाच आले. डॉक्टरांनी परत बदललंय. आजपासून पहिल्यासारखं. रात्रीच चालवायची, दिवसा बंद. उन्हाळ्यात असंच करतात सगळ्यांना.”

सखुबाईचा हात ताटात थांबला.

“आणि दुपारी बाबांनी तोंडानं खायचं. तीन घास. त्यांच्यासाठी औषधच आहे ते. तुम्ही त्यांच्या ताटात जेवायचं, नेहमीसारखं.”

आयुष्यात एवढं सलग खोटं भाग्यश्री कधी बोलली नव्हती. त्यातलं कुठलं खोटं आणि कुठलं नाही, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. सखुबाईनं पिशवीकडं पाहिलं. मग दारातून उजेड येत होता त्या उजेडात नवऱ्याच्या डोळ्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सावळीरामनं पापण्या खाली घेतल्या.

“उन्हाळ्यात असं करतात?”

“हो मावशी.”

“होळीपासनं उन्हाळाच हाय की,” सखुबाई म्हणाली.

पंप आपला बारीक टिकटिक करत राहिला. ताटात भाकरीचा चतकोर उरला होता. सखुबाईनं तो उचलला, ठेवला, आणि परत उचलला. सावळीराम तिच्या हाताकडं बघत होता. तिनं तो चतकोर कोरडाच खाल्ला. शेवटचा तुकडा चावायला तिला फार वेळ लागला.

मग ती उठली. मोरीवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ, तोंडाला फडकं बांधलं आणि पंपापाशी येऊन उभी राहिली. भाग्यश्रीनं सांगितलं, एकदम बंद करायची नाही, साखर उतरते. आधी निम्म्यावर आणा, थोड्या वेळानं बंद. सखुबाईनं खालच्या बाणाचं बटण दाबलं. आकडा पन्नासवरून खाली उतरत गेला तसतशी ती प्रत्येक आकड्याला बोट उचलून परत टेकवत होती.

“पंगतीतनं...” सावळीराम म्हणाला आणि थांबला.

फडक्यामुळं सखुबाईचे फक्त डोळे दिसत होते. तिनं त्याच्याकडं वळून पाहिलं नाही.

निघताना भाग्यश्रीनं रक्त घेतलं. त्या दिवशी शीर लगेच सापडली. गोष्ट त्यानं सांगितली नाही आणि तिनं विचारली नाही. स्कूटर चालू करताना तिनं ठरवलं, डॉक्टरांना सगळं सांगायचं, जसं झालं तसं. डॉक्टरांनी ते ऐकून चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, बघू. यकृत उदार असतं, वेळ मिळाला तर बरंच माफ करतं. वेळ मिळाला आहे का ते रक्त सांगेल.

पुढच्या गुरुवारी ती मुद्दाम उशिरा गेली, दुपार करून. ओट्यावर झेंडूच्या माळा पाण्याचा हात मारून ओल्या फडक्याखाली ठेवल्या होत्या. तिनं सावळीरामला दाराशी बसवून पापणी ओढली. पिवळं होतं. मागच्या गुरुवारी होतं तिथंच होतं. कमी झालेलं नव्हतं. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते पुढंही सरकलं नव्हतं. एका आठवड्यात याहून जास्त काही दिसायचंही नसतं.

“काय म्हणती हळद?” त्यानं विचारलं.

“आहे तिथंच आहे.”

“मंग वरात अडली म्हणायची कुठंतरी,” तो म्हणाला, पण ओठांतल्या ओठांत.

सखुबाई आतून आली आणि रस्त्याकडचं दार लावून घेतलं. एरवी ते दार रात्रीच लागायचं. दिवसा फुलं घ्यायला कोणीही येई. मग तिनं कॉटवरची सतरंजी उचलून खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यावर परत सतरंजी घातली. धुतलेलं धोतर घडी करून उशापाशी ठेवलं. पाण्याची बादली आणि तांब्या कॉटच्या पायाशी. हे सगळं तिनं देवघर आवरावं तसं आवरलं, एकदाही त्याच्याकडं न बघता. भाग्यश्री भिंतीशी सरकून बसली.

मग ताट आलं. एकच. एका बाजूला मऊ भात, त्यावर मीठ. दुसऱ्या बाजूला भाकरी आणि मेथी. सखुबाईनं ते त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली. हात मांडीवर, रिकामे.

सावळीरामनं ताटाकडं पाहिलं. बादलीकडं पाहिलं. धोतराकडं पाहिलं. त्यानं एक माकडाची गोष्ट काढली, वणीच्या गडावरच्या. माकडानं म्हणे त्याचा प्रसाद पळवला आणि पायरीवर बसून अर्धा त्याला परत दिला, वर ताकीद दिली, की परत एकटा खाऊ नको. गोष्ट नवी होती, भाग्यश्रीला हसू आलं. सखुबाई हसली नाही. भातावरची वाफ कमी झाली. तिचे हात मांडीवरच होते, आणि त्या हातांच्या शिरा, भाग्यश्रीला दिसलं, त्याच्या हातांसारख्याच वर आलेल्या होत्या.

“अन् पंगतीतनं उठायची येळ आली तर?” त्यानं विचारलं. हे त्यानं माघापासून कोणालाच विचारलं नव्हतं.

“ही कुठं पंगत हाय?” सखुबाई म्हणाली. “आपण दोघंच तर हाओत.”

भाग्यश्रीनं आपला डबा उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

सावळीरामनं ताटाला हात लावून कपाळाला लावला. पहिला घास त्यानं औषध घ्यावं तसा गिळला आणि डोळे मिटून वाट बघत बसला. काही झालं नाही. किंवा झालं असेल, तो बोलला नाही. दुसरा घास सावकाश गेला. तिसरा मोठा घेतला, घ्यायला नको होता इतका मोठा, आणि तो तोंडात असतानाच त्यानं ताट पुढं सरकवलं.

सखुबाईनं ताट फिरवून घेतलं, त्याची बाजू आपल्याकडं येईल असं. मग भाकरी मोडली.

ते बघून सावळीरामच्या अंगात आलं असावं. तो सरसावून बसला. “आन तो विंचूरचा आंधळा,” त्यानं भरल्या तोंडानं सुरू केलं, “त्यानं कांद्याला हात लावला...”

“जेवताना बोलू नाय,” सखुबाई म्हणाली.

सावळीराम घास चावत राहिला.